गोलंदाजाचा खांदा

आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की त्या बहुतेक फलंदाजांच्याच असतात. कोणी कुठे शतक ठोकले, कोणाचा कव्हर ड्राइव्ह कसा होता, कोणाला जाहिरातीचे किती मिळाले, यावर आमच्या खामगावच्या पानटपरीवरही तासन्‌तास चर्चा रंगते. गोलंदाज या गप्पांत शेवटी येतो, आणि तोही बहुधा त्याला मार पडला म्हणून. वास्तविक उन्हातान्हात धावत येऊन दिवसाकाठी शंभर-सव्वाशे वेळा सगळ्या शरीराचा भार एका पायावर आपटणारा हा माणूस म्हणजे या खेळातला खरा कष्टकरी. फलंदाजाला एक चांगला चेंडू पडला की तो सावलीत जाऊन बसतो. गोलंदाजाला एक चांगला चेंडू पडला तर लगेच पुढचा टाकायला परत वळावे लागते.

या विषयावर लिहावेसे वाटले ते एका पालकामुळे. आमच्या ओळखीचे हे गृहस्थ जिनात कामाला आहेत. मुलगा तेरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, पण चेंडू असा काही फेकतो की गल्लीतली मोठी मुलेही त्याला टेनिस बॉलच्या सामन्यांना गावोगाव घेऊन जातात. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, ‘‘गुरुजी, पोट्टं लय जोरात फेकते म्हणतात. ह्यात काही होईन का त्याचं?’’ प्रश्न साधा होता. त्यात हौस होती, काळजी होती आणि थोडी घाईही होती. ‘‘होईल’’ म्हणावे तर खोटी आशा लावल्यासारखे, ‘‘नाही’’ म्हणावे तर मुलाच्या पायातला जोर काढून घेतल्यासारखे. मी त्यांना म्हटले, विचार करून सांगतो. हा लेख म्हणजे तो विचार आहे, आणि तो केवळ त्यांच्यासाठी नाही. मलकापूर, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, शेगाव, जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी असे एखादे घर सापडेल.

चार रुपये महिना

चेंडू टाकणे हा पोटापाण्याचा उद्योग होऊ शकतो, हे आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. बाळू पालवणकर हे नाव नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि पुण्यात त्यांचा हात घडला. आधी पारशी मंडळींच्या क्लबात आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी लावणे ही त्यांची कामे. पूना क्लबात पगार महिना चार रुपये. साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणारा कोणीतरी हवा असे, म्हणून बाळूंच्या हाती चेंडू आला. ग्रेग नावाचा नावाजलेला इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई आणि प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल आठ आणे देई, अशी आठवण सांगितली जाते. फलंदाजी करायला मात्र त्यांना कोणी बोलावले नाही. बॅट साहेबाची आणि घाम बाळूंचा, अशी ती वाटणी होती.

पुढे पुण्याच्या हिंदू मंडळींनी त्यांना संघात घेतले, कारण बळी हवे होते. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत आणि प्रत्येक बळीमागे धावा पंधराच्या आसपास. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

ही जुनी कथा इथे सांगण्याचे कारण आहे. ज्याच्या घरी बॅट घ्यायला, पॅड घ्यायला पैसा नाही, त्याला या खेळात शिरायला गोलंदाजी हाच एक दरवाजा पूर्वीपासून उघडा राहिला आहे. दोन हात, दोन पाय आणि मेहनत एवढ्या भांडवलावर तो आत येऊ शकतो. म्हणून गरीब घरची मुले गोलंदाज होतात, आणि म्हणूनच ज्या शरीराच्या बळावर ती पुढे येतात, त्या शरीराची काळजी कोणी घ्यायची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

खाणीच्या वस्तीतून

आता आपल्या विदर्भातले उदाहरण घेऊ. नागपूरजवळ खापरखेड्याच्या बाजूला वलनी नावाची कोळसा खाणीची वस्ती आहे. तिथल्या एका खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव. जन्म ऑक्टोबर १९८७ चा. पोलिसात भरती होण्याचा प्रयत्न केला, सैन्यात जाण्याचा प्रयत्न केला. दोन्हीकडे जमले नाही. विशीला येईपर्यंत तो टेनिस बॉलनेच खेळत होता. कॉलेजच्या संघाने घेतले नाही, कारण कोणत्या क्लबाकडून खेळल्याची नोंद नव्हती. मग विदर्भ जिमखान्याकडे गेला आणि तिथे कुठे चामड्याचा चेंडू हाती आला.

यानंतरच्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध रणजीचा पहिला सामना. मे २०१० मध्ये झिंबाब्वेत पहिला एकदिवसीय सामना. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. रणजी ते कसोटी हे अंतर त्याने तीन वर्षांत कापले, आणि विदर्भाच्या संघातून थेट कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला खेळाडू ठरला. २०१५ च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक, म्हणजे १८ बळी त्याचे होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादच्या कसोटीत त्याने वेस्ट इंडिजचे दहा गडी टिपले. मायदेशात एका कसोटीत दहा बळी घेणारे भारतीय वेगवान गोलंदाज त्याच्याआधी दोनच, कपिल देव आणि श्रीनाथ. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडला केरळविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात तर त्याने दोन डावांत मिळून बारा बळी घेऊन अवघ्या दोन दिवसांत सामना संपवला.

इथवर ही यशोगाथा झाली, आणि वर्तमानपत्रे बहुधा इथेच थांबतात. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१२ च्या नोव्हेंबरात, कसोटी पदार्पणाला जेमतेम वर्ष झाले असताना, पाठीच्या दुखण्याने त्याला कित्येक महिने बाहेर बसवले. २०२० च्या डिसेंबरात मेलबर्नच्या कसोटीत चालू षटकात पोटरी दुखावली आणि दौरा तिथेच संपला. परदेशातल्या कसोट्यांत इतरांना संधी, भारतात फिरकीला साथ द्यायला उमेश, असा पाटावरचा खेळ वर्षानुवर्षे चालला. २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलवर तो खेळला ती त्याची ५७ वी कसोटी. बारा वर्षांत ५७. भारत त्या काळात याहून कितीतरी अधिक कसोट्या खेळला होता. १७० कसोटी बळी नावावर असलेला गोलंदाज पुष्कळदा संघासोबत फिरला आणि राखीव म्हणून बसून राहिला.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०१७ साली त्याला खेळाडूंच्या कोट्यातून रिझर्व्ह बँकेत नोकरी मिळाली. तोवर तो जगभर खेळून आला होता, पैसाही कमावला होता. तरीही नोकरीचे महत्त्व राहिलेच. आपल्या मध्यमवर्गीय घरांत या गोष्टीला हसू नये. गोलंदाजाचे आयुष्य ज्या वयात संपते, त्या वयात इतरांचे कुठे सुरू झालेले असते.

अमेरिकेतला भाऊबंद

चेंडू टाकण्यावर पोट भरणाऱ्यांचा मोठा पसारा अमेरिकेत आहे. तिथे बेसबॉलमध्ये जो चेंडू टाकतो, त्याला पिचर म्हणतात. तो आपल्यासारखा धावत येत नाही. एका उंचवट्यावर उभा राहून साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे, टप्पा न पाडता, कोपर वाकवून चेंडू सणसणीत फेकतो. आपल्या गोलंदाजाची पाठ आणि पाय झिजतात, पिचरचा खांदा आणि कोपर.

२००८ साली काही अमेरिकन मंडळी भारतात आली आणि त्यांनी ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा भरवली. ज्यांनी बेसबॉल कधी पाहिलाही नव्हता अशा मुलांच्या हाताचा वेग मोजायचा आणि त्यातून पिचर शोधायचा, अशी कल्पना. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांशी करार केला. यावर पुढे हॉलिवूडने चित्रपटही काढला. चित्रपट करारापाशी संपतो. आयुष्य मात्र पुढे चालू राहते. दिनेश दोनेक वर्षांत परत आला. रिंकू खालच्या श्रेणीच्या संघांतून काही वर्षे चांगला खेळला, पण दुखापतींनी त्याला घेरले आणि वरच्या श्रेणीचे दार उघडले नाही. शेवटी तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात गेला. या कथेत फसवणूक नाही, आळस नाही, कोणाचा दोष नाही. चेंडू टाकणाऱ्याच्या वाटचालीत हे घडते, एवढेच.

अमेरिकन लोकांनी या दुखण्याचा अभ्यास मात्र मन लावून केला. टॉमी जॉन नावाच्या पिचरचे कोपराचे स्नायुबंध १९७४ साली तुटले. डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुरज्जू काढून डाव्या कोपरात बसवला. १९७५ चे सबंध वर्ष तो घरी बसला, १९७६ साली परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. ही शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. सुरुवातीला ती थोर खेळाडूंवर व्हायची. पुढे शाळकरी मुलांवर होऊ लागली, तेव्हा तिथल्या जाणत्यांचे डोळे उघडले. मुलांकडून अतोनात चेंडू टाकून घेतले जात होते.

मग त्यांनी चेंडू मोजायला सुरुवात केली. २०१४ साली तिथल्या मुख्य बेसबॉल संघटनेने वयानुसार मर्यादा जाहीर केल्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला फार तर ७५ चेंडू टाकावेत, तेरा-चौदाच्या मुलाने ९५, सतरा-अठराच्या मुलाने १०५. जितके अधिक टाकले, तितके दिवस विश्रांती. वर्षातून किमान चार महिने तर स्पर्धेत चेंडूच टाकायचा नाही. इंग्लंडमध्येही वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांसाठी वयानुसार षटकांचे नियम आहेत. श्रीमंत देशांचे हे लाड नाहीत. हाडे वाढीला लागलेली असताना मणक्याला किंवा कोपराला एकदा तडा गेला की तो मुलाची उमेद घेऊन जातो, हे त्यांनी अनुभवातून शिकलेले शहाणपण आहे.

या दृष्टीने उमेश यादवच्या कथेकडे पुन्हा पाहा. विसाव्या वर्षापर्यंत चामड्याचा चेंडू मिळाला नाही, याची आपण हळहळ करतो. मला वाटते, त्यात एक नशीबही होते. बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्याला कोणी रोज जुंपले नाही. तो आला तेव्हा त्याचा खांदा ताजा होता. म्हणजे उशीर झाला की सगळे संपले, ही आपल्या पालकांची भीती खरी नाही.

आपला जिल्हा

बुलडाणा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम टोकाला. मुंबईहून रेल्वेने येताना मलकापूर लागले की विदर्भ सुरू होतो. विदर्भाचे क्रिकेट चालते ते नागपुरातून, आणि नागपूर आपल्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर. निवड चाचणीला जायचे म्हणजे रात्रीची गाडी, सोबत एक मोठा माणूस, त्याची बुडालेली मजुरी आणि राहण्याचा खर्च. अनेक घरांत मुलाची गुणवत्ता इथेच, तिकिटाच्या हिशेबात अडते.

तरीही अंतर हे कारण किती दिवस सांगायचे? शेजारच्या अकोल्याचा आदित्य ठाकरे २०१७ च्या अखेरीस इंदूरला थेट रणजीच्या अंतिम सामन्यात पदार्पण करतो. त्याच सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली आणि विदर्भाने सुमारे सहा दशकांच्या प्रतीक्षेनंतर पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. २०२१ च्या नोव्हेंबरात मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेन्टी सामन्यात त्याने चार षटके टाकली, एकही धाव दिली नाही आणि दोन बळी घेतले. २०१८-१९ आणि २०२४-२५ सालीही करंडक विदर्भाकडे आला, आणि शेवटच्या वेळी हर्ष दुबेने एका हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. विदर्भाच्या या यशात गोलंदाजांचा वाटा किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याकडे तर याहून जवळचे उदाहरण आहे, फक्त ते क्रिकेटचे नाही. बुलडाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याने २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या जगातल्या अव्वल तिरंदाजाला १४९ विरुद्ध १४८ असे एका गुणाने हरवून सुवर्णपदक घेतले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या पुरुष संघातही तो होता. तिरंदाजी हाही खांद्याचाच खेळ. मोठे स्टेडियम, टीव्ही कॅमेरे यातले काही नसताना एका छोट्या गावातून हे झाले. शिस्तीचा सराव आणि रोज लक्ष घालणारा जाणकार, एवढे मिळाले की बुलडाण्याचा मुलगाही जगाच्या बरोबरीने उभा राहतो, याचा हा पुरावा आहे.

क्रिकेटमध्ये आपण काय करतो? दिवाळीनंतर शेते मोकळी झाली की गावोगाव टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. मंडप, लाउडस्पीकर, आमदारांच्या हस्ते उद्‌घाटन, रोख बक्षीस आणि चषक. उत्साह वाखाणण्यासारखा असतो. पण एक चपळ पोरगा हाती लागला की शनिवारी एका गावी, रविवारी दुसऱ्या गावी, दिवसाला तीन-तीन सामने त्याच्याकडून चेंडू टाकून घेतले जातात. काळ्या मातीचे भेगाळलेले मैदान, पायात साधे कॅनव्हासचे बूट, पोटात सकाळचे पोहे. कंबर दुखते म्हटले की बाम चोळायचा आणि पुढच्या षटकाला उभे करायचे. ज्याच्या चषकासाठी तो धावतो, त्या मंडळाला पुढच्या वर्षी दुसरा पोरगा मिळतो. याच्या कमरेचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक तालुक्याला स्टेडियम हवे असे मी म्हणणार नाही. अशा घोषणा ऐकून आपले कान विटले आहेत. घाटावर एक आणि घाटाखाली एक अशा दोन चांगल्या खेळपट्ट्या, त्यांची निगा राखणारा पगारी माणूस, आठवड्यातून दोन दिवस येणारा प्रशिक्षक आणि महिन्यातून एकदा मुलांच्या पाठी-खांद्यांची तपासणी करणारा डॉक्टर, एवढे तरी असावे. निवड चाचणीची एक फेरी जिल्ह्यातच व्हावी. आणि टेनिस बॉलचे सामने भरवणाऱ्या मंडळांनी, पंधरा वर्षांखालच्या मुलाला दिवसात किती षटके द्यायची याचा एक नियम आपणहून करावा. त्याला पैसा लागत नाही, मनात आणावे लागते.

बाकीचे घरच्यांच्या हातात आहे. मुलाला खेळू द्यावे, पण शाळा सोडवू नये. सोळाव्या वर्षी रणजी नाही मिळाली तर आयुष्य वाया गेले, असे त्याला वाटू देऊ नये. कंबर, खांदा किंवा कोपर दुखते असे तो म्हणाला तर त्याला भित्रा ठरवू नये. दुखणे सांगणारा मुलगा शहाणा असतो. आणि तो कधीच मोठा गोलंदाज झाला नाही, तरी पहाटे उठण्याची, हरण्याची आणि पुन्हा धावत येण्याची सवय त्याच्याजवळ राहील. आयुष्यात तिचा उपयोग होतो. जिनात काम करणाऱ्या माझ्या त्या ओळखीच्या गृहस्थांना मी हेच सांगणार आहे: होईल की नाही हे आज कोणीच सांगू शकत नाही, पण ते कळेपर्यंत पोराचे शरीर धड राहील, एवढे तुम्ही-आम्ही पाहू शकतो.

आपल्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याला हळद आणि तूप लावायचे, तो शेकायचा, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला आवतण द्यायचे. कास्तकार कर्जात असो की दुष्काळात, ही रीत तो चुकवत नाही, कारण आपले घर कोणाच्या खांद्यावर उभे आहे हे त्याला माहीत असते. ज्या मातीला मुक्या जनावराच्या खांद्याची एवढी जाण आहे, त्या मातीने आपल्या पोराच्या खांद्याला विसरावे, हे काही बरे दिसत नाही.